गाव पाहणे आणि गावात राहणे

धर्मप्रचारासाठी परमुलखात गेलेल्या मिशनऱ्याने मायदेशी धाडलेले पहिले पत्र हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारच मानला पाहिजे. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले. तेव्हापासून त्या परंपरेतील मंडळींची पत्रे अमेरिकेतील मिशनच्या नियतकालिकांतून छापली जात आली. या पत्रांचा साचा सहसा बदलत नाही. धुराने काळवंडलेल्या झोपड्या, उघडीनागडी पोरे, शेंदूर फासलेला दगड, रोगराई, भगताची भुताटकी हे सारे त्यात क्रमाने येते आणि शेवटी या अंधारात प्रकाश नेण्यासाठी साह्याची याचना असते.

ही पत्रे खोटी होती, असे सरसकट म्हणणे अन्यायाचे ठरेल. रोगराई खरी होती, दारिद्र्यही खरे होते. परंतु पत्र लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गावाआधी आपला वाचक उभा असे, आणि तो वाचक देणगीदार होता. ज्या गावात आनंद आहे, न्यायनिवाड्याची काही रीत आहे, देवाधर्माची स्वतःची समज आहे, त्या गावाच्या उद्धारासाठी कोण पैसे पाठवणार? म्हणून जे उणे ते ठळक होई आणि जे भरलेले ते नजरेआड राही.

ही वृत्ती एकोणिसाव्या शतकाबरोबर संपली, असेही नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये जॉन अ‍ॅलन चाऊ हा २६ वर्षांचा अमेरिकन तरुण अंदमानातील उत्तर सेंटिनेल बेटावर बेकायदा उतरला आणि तेथील लोकांच्या बाणांना बळी पडला. हे बेट १९५६ च्या नियमनान्वये संरक्षित आहे. बाहेरचे साधे आजारही तेथील मूठभर लोकांचा निर्वंश करू शकतात, म्हणून तेथे जाण्यास बंदी आहे. चाऊने मागे ठेवलेली रोजनिशी पुढे प्रसिद्ध झाली. त्या लोकांशी त्याचा एका शब्दाचाही संवाद झाला नव्हता, त्यांची भाषा जगात बाहेरच्या कोणालाही येत नाही. तरीही हे बेट सैतानाचा अखेरचा गड तर नव्हे, असा प्रश्न त्याला पडला होता. एका तरुणाचा असा अंत व्हावा, याचे दुःख कोणालाही होईल. पण बेटावर पाय ठेवण्यापूर्वीच त्याचे 'प्रथमदर्शन' पूर्ण झाले होते, हेही नोंदवावे लागते.

याच इंग्रजी-ख्रिस्ती परंपरेतून आलेल्या दुसऱ्या एका माणसाची हकीगत मात्र वेगळी आहे. तिचा एक धागा पुण्याशी, तर दुसरा एका मराठी माणसाशी जोडलेला आहे. सेवाकार्याविषयी आस्था असणाऱ्या प्रत्येकाने ती समजून घ्यावी, असे मला वाटते.

पुण्याहून करंजियाला

व्हेरिअर एल्विन यांचा जन्म १९०२ चा. वडील पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओनचे अँग्लिकन बिशप होते आणि तेथेच त्यांचा मृत्यू झाला. म्हणजे परदेशातील मिशनकार्य हा या घराण्याचा वारसाच होता. ऑक्सफर्डला इंग्रजी वाङ्मय आणि ईश्वरविद्या या दोन्ही विषयांत प्रथम वर्ग मिळवून एल्विन १९२७ च्या अखेरीस पुण्याला आले. नारायण वामन टिळकांचे चरित्रकार जॅक विन्स्लो यांनी स्थापन केलेल्या ख्रिस्त सेवा संघात ते दाखल झाले. या संघातील मंडळी खादी वापरीत, जमिनीवर बसून जेवीत आणि भारतीय पद्धतीने राहण्याचा प्रयत्न करीत. येथेच शामराव हिवाळे या मराठी ख्रिस्ती तरुणाशी एल्विन यांची मैत्री जडली. ती पुढे अनेक वर्षे टिकली.

संघात असतानाच एल्विन साबरमतीला गेले आणि गांधीजींच्या प्रभावाखाली आले. ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे मुंबईत मणिभवनाच्या गच्चीवर गांधीजींना अटक झाली, तेव्हा ते तेथे हजर होते. त्याच महिन्यात, जमनालाल बजाज आदींच्या सूचनेवरून, एल्विन आणि शामराव गोंडांची सेवा करण्यासाठी मंडला जिल्ह्यातील करंजिया या गावी जाऊन राहिले.

नर्मदा परिक्रमा करणाऱ्या मराठी भाविकांना हे नाव परके वाटणार नाही. दिंडोरीहून अमरकंटककडे जाताना, कबीर चबुतऱ्याच्या अलीकडे करंजिया लागते. आज ते दिंडोरी जिल्ह्यात मोडते. मैकल पर्वताच्या कुशीतील या प्रदेशात तेव्हा घनदाट साल वृक्षांचे रान होते. तेथे एल्विन-शामरावांनी माती-बांबूची घरे बांधली, दवाखाना काढला, शाळा सुरू केली आणि पुढे कुष्ठरुग्णांसाठी निवासही उभारला. गावकरी एल्विनना 'बडा भाई' आणि शामरावांना 'छोटा भाई' म्हणू लागले. या पहिल्या तीन-चार वर्षांची एल्विन यांची रोजनिशी १९३६ साली 'लीव्हज फ्रॉम द जंगल' या नावाने लंडनमध्ये प्रसिद्ध झाली.

रोजच्या जगण्यातील पाठ

या रोजनिशीत साप-विंचू आहेत, हिवतापाने फणफणलेल्या रात्री आहेत, दाराशी आलेले रोगी आहेत. पण मिशनरी पत्रांतील कीव तिच्यात नाही. लेखक गावाला हसतो त्याहून अधिक स्वतःला हसतो. गावकऱ्यांना सुधारण्यासाठी आलेल्या साहेबाचीच तेथे फजिती होते. हा केवळ विनोदबुद्धीचा भाग नव्हे. गावाचे परीक्षण करण्याचा अधिकार आपल्याला उपजत मिळालेला नाही, ही जाणीव त्यामागे आहे.

आता या जाणिवेने काय घडविले ते पाहू. गोंडांचे रोजचे अन्न म्हणजे पेज. कोदो-कुटकीसारख्या भरडधान्याची ही पातळ पेज पिऊन माणसे दिवसभर रानात राबत. कोकणातील माणसाला पेज म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. मात्र तिथे ती न्याहारी, इथे तेच मुख्य जेवण. चैत्राच्या सुमारास पहाटेपासून बायकापोरे मोहाची फुले वेचीत. ती वाळवून अडीअडचणीच्या दिवसांत खायची आणि त्यांचीच दारूही गाळायची. जन्म, लग्न, मरण, देवकार्य यांपैकी काहीही मोहाच्या दारूवाचून पार पडत नसे.

एल्विन आले तेव्हा कट्टर गांधीवादी होते. चरखा आणि दारूबंदी ही दोन औषधे त्यांच्या पोतडीत तयार होती. गावात राहिल्यावर त्यांना दिसले की, या भागात कापूसच पिकत नाही. मग चरखा कोणासाठी आणि कशासाठी? दारूच्या बाबतीतही तसेच. घरी गाळलेली दारू कायद्याने गुन्हा ठरली होती आणि गुत्त्यावरची दारू विकणारा ठेकेदार बाहेरचा होता. गोंडाचे व्यसन सुटणे दूरच राहिले, देवाच्या नैवेद्यासाठीही त्याला ठेकेदाराच्या दारी जाऊन पैसे मोजावे लागत. दारूचे दुष्परिणाम कोणी नाकारीत नाही. पण ज्या उपायाने गरिबाचा पैसा ठेकेदाराच्या गल्ल्यात जातो, त्याला सुधारणा म्हणावे का, असा प्रश्न त्यांना पडला. पुण्या-मुंबईत ठरविलेले उत्तर गावातल्या प्रश्नाला लागू पडत नाही, हे कळायला तेथे काही पावसाळे काढावे लागले.

बैगा समाजाचे उदाहरण याहून बोलके आहे. रानाचा एक तुकडा तोडायचा, जाळायचा आणि राखेत बी फेकायचे, ही त्यांची 'बेवर' शेती. नांगराने धरणीमातेची छाती फाडू नये, ही त्यामागील श्रद्धा. वरवर पाहणाऱ्याला यात रानाची नासाडी आणि आळस दिसे. सरकारलाही तसेच दिसले. जंगल कायद्यांनी बेवर जवळजवळ सर्वत्र बंद झाली आणि १८९० मध्ये 'बैगा चक' नावाच्या राखीव टापूपुरती ती उरली. एल्विन यांनी या लोकांवर १९३९ साली मोठा ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यांच्या विपन्नावस्थेचे मूळ त्यांनी या कायद्यांत दाखविले. लोखंड गाळणाऱ्या अगरिया जमातीच्या भट्ट्या सरकारी कर आणि कारखान्याचे स्वस्त लोखंड यांच्या कात्रीत कशा विझल्या, हे त्यांनी १९४२ च्या ग्रंथात मांडले. दारिद्र्य हा या लोकांच्या देवांचा दोष नव्हता. जमीन, जंगल आणि हुन्नर हातातून गेल्याचा तो परिणाम होता.

आणि देव तरी कोणते? गोंडांचा बडादेव साज वृक्षात वसतो. साज म्हणजे आपल्याकडचा ऐन. परधान मंडळी बाना वाजवीत गोंड राजांच्या कथा गातात. त्यांच्या कथांत भीम आहे, आणि लक्ष्मण तर 'लछमन जती' होऊन स्वतःच नायक झाला आहे. नर्मदा ही सर्वांचीच माई. ज्याला मिशनरी पत्रे 'निव्वळ भूतपूजा' म्हणत, त्यात वृक्ष, नदी, पूर्वज आणि रामायण-महाभारत यांची अशी वीण होती. ती पहिल्या आठवड्यात दिसत नाही, कारण ती रात्री करमा नाचताना गायली जाते आणि पाहुणा तोवर डाकबंगल्यावर परतलेला असतो.

धर्मांतर न करणारा मिशनरी

एल्विन यांच्या आयुष्यातील निर्णायक वळण येथे येते. गोंडांचे धर्मांतर करायचे नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली. नागपूरच्या बिशपांनी त्यांना धर्मोपदेशकाचा परवाना देण्यास नकार दिला, कारण इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घेण्यास ते तयार नव्हते. रोग्याची शुश्रूषा चर्चला पुरेशी वाटत नव्हती. ती कोणत्या झेंड्याखाली होते, हे महत्त्वाचे होते. अखेर १९३५ साली एल्विन चर्चमधून बाहेर पडले. पुढे १९४४ मध्ये मंडला जिल्ह्यातील डच कॅथलिक पाद्र्यांच्या शाळा आणि धर्मांतराच्या पद्धतींवर त्यांनी वृत्तपत्रांतून उघड टीका केली. ठक्कर बाप्पांसारख्या सेवाव्रतींनीही त्या प्रश्नात लक्ष घातले. मध्य प्रदेश सरकारने नेमलेल्या न्या. भवानीशंकर नियोगी समितीचा अहवाल येण्यास तेव्हा १२ वर्षे अवकाश होता.

धर्मांतराच्या प्रश्नावर आपण पुष्कळ बोलतो. एल्विन यांची साक्ष त्यात विशेष मोलाची आहे, कारण ती बिशपाच्या घरात वाढलेल्या आणि गावात राहिलेल्या माणसाची आहे. औषधाच्या बाटलीबरोबर दुसरे काही द्यायचे नाही आणि त्या बदल्यात काही मागायचेही नाही, ही त्यांची कसोटी होती. ही कसोटी केवळ पाद्र्यांना लावून चालणार नाही. सेवा करणाऱ्या प्रत्येकाला ती लागू आहे.

विस्मृतीत गेलेला छोटा भाई

एल्विन यांचे नाव मोठे झाले. १९५४ मध्ये ते भारताचे नागरिक झाले, ईशान्य सीमा प्रदेशाचे सल्लागार झाले, १९६१ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९६४ मध्ये त्यांचे निधन झाले आणि आत्मचरित्राला मरणोत्तर साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. शामराव हिवाळे यांचे नाव मात्र महाराष्ट्रातही फारसे कोणी घेत नाही.

वास्तविक, गावाच्या दैनंदिन संसाराचा भार छोट्या भाईनेच वाहिला. एल्विन बस्तरला, ओरिसाला, पुढे शिलाँगला गेले. शामराव मैकलच्या परिसरात राहिले. रोग्याची मलमपट्टी, शाळांची देखरेख, गावातले तंटे हे सर्व त्यांनी सांभाळले. परधान समाजावर १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ आजही अभ्यासकांना उपयोगी पडतो. ज्या पाटणगढला या मित्रांनी पुढे मुक्काम हलविला, त्याच गावचे जनगढ सिंह श्याम हे परधान चित्रकार भोपाळच्या भारत भवनातून जगभर पोहोचले. पाटणगढच्या भिंतींवरील चित्रकलेत गावाचे स्वतःचे वैभव होते, ते कोणी बाहेरून आणून दिले नाही. शामरावांचे मोठेपण एवढेच की, त्या वैभवाला त्यांनी बाधा आणली नाही आणि त्याची आस्थेने नोंद केली.

शामराव ख्रिस्ती होते, म्हणून त्यांच्याविषयी आपण उदासीन राहावे काय? मला तसे वाटत नाही. ज्याने २० वर्षांच्या आसपास वनवासी बांधवांत राहून त्यांच्या श्रद्धेला धक्का लावला नाही, तो मराठी माणूस आपल्या आदराला पात्र आहे.

दोष आणि वाद

एल्विन यांना देवत्व देण्याचे कारण नाही. १९३९ मध्ये बैगांसाठी त्यांनी 'राष्ट्रीय उद्याना'सारख्या संरक्षित क्षेत्राची कल्पना मांडली. माणसांना असे वेगळे काढून ठेवणे म्हणजे त्यांना प्रदर्शनीय वस्तू बनविणे, अशी टीका झाली, आणि ती रास्त होती. मालवणचे सुपुत्र आणि मुंबई विद्यापीठातील थोर समाजशास्त्रज्ञ डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९४३ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने प्रकाशित केलेल्या ग्रंथात या विचाराचा समाचार घेतला. हे समाज हिंदू समाजापासून तुटलेले नाहीत, ते त्याचेच मागे पडलेले घटक आहेत, असे घुर्ये यांनी पुराव्यानिशी प्रतिपादन केले. गोंडांच्या कथांतील भीम-लक्ष्मण पाहता घुर्ये यांचे म्हणणे झुगारता येत नाही.

परंतु या वादात एल्विन यांचा एक प्रश्न उरतोच. हे समाज आपलेच आहेत असे म्हणणाऱ्यांनी त्यांच्याशी व्यवहार कसा केला? त्यांच्या जमिनी बळकावणारा सावकार, दारूचा ठेकेदार, वेठ घेणारा अंमलदार हे बहुधा आपल्यातलेच होते. आपुलकीचा सिद्धांत खरा असेल तर त्याचे उत्तरदायित्वही आपलेच. एल्विन यांनी स्वतः पुढे आपली भूमिका बदलली. ईशान्येसंबंधीच्या त्यांच्या ग्रंथात एकाकी ठेवणेही नको आणि बाहेरच्यांनी गिळून टाकणेही नको, असा मध्यममार्ग त्यांनी मांडला.

त्यांच्या खासगी आयुष्यातही डाग आहे. १९४० मध्ये त्यांनी एका तरुण गोंड मुलीशी विवाह केला आणि १९४९ मध्ये घटस्फोट घेतला. ते पुढे कीर्तीच्या शिखरावर गेले, ती मात्र मागे राहिली. गावाला आपले म्हणणाऱ्या माणसाने गावाच्या लेकीला असे सोडून जावे, ही गोष्ट त्यांच्या गुणगौरवात झाकता कामा नये.

आपल्यापुरता विचार

हे सारे आज सांगण्याचे प्रयोजन आहे. सेवाकार्य आता मध्यमवर्गीय कुटुंबांच्याही परिचयाचे झाले आहे. सुटीच्या दिवशी गाडी करून पाड्यावर जायचे, कपडे आणि खाऊ वाटायचा, मुलांबरोबर छायाचित्रे काढायची आणि संध्याकाळी परतायचे, असे कार्यक्रम होत असतात. भावना चांगली असते. पण दुपारी पाड्यावर पोहोचणाऱ्याला कर्ती माणसे भेटतच नाहीत, ती शेतावर किंवा मजुरीवर गेलेली असतात. म्हातारी माणसे, पोरे आणि एखादा झिंगलेला इसम दिसतो. तेवढ्यावरून 'हे लोक आळशी, व्यसनी, पण भोळे' असा निष्कर्ष काढून आपण परततो. आम्हा पत्रकारांचेही यापेक्षा निराळे नसते. मग आपल्या वृत्तान्तांत आणि जुन्या मिशनरी पत्रांत फरक तो काय राहिला? तेथे अंधार होता, इथे मागासलेपण. तेथे देणगीदार होते, इथेही देणगीदारच आहेत.

हा फरक कृतीने दाखवून देणारी माणसे आपल्याकडे झाली आहेत, हे अभिमानाने सांगता येते. वनवासी कल्याण आश्रमाचे संस्थापक बाळासाहेब देशपांडे १९४८ मध्ये जशपूरला गेले, ते तेथलेच झाले. १९५२ मध्ये आश्रमाची स्थापना झाली, तीही प्रथम काही वर्षे त्या भूमीत काढल्यावर. अशा कार्यकर्त्यांनी गावाची बोली शिकली, गावच्या जत्रेत पायी हिंडले, गावच्या सुतकात बसले. त्यांच्या कामाला जी मुळे धरली, ती या राहण्यामुळे.

प्रत्येकाला असे पूर्णवेळ जाणे शक्य नाही, हे मान्यच आहे. पण काही पथ्ये सर्वांनाच पाळता येतील. एकाच पाड्याशी वर्षानुवर्षे संबंध ठेवावा. दिवसा जाऊन परतण्याऐवजी एखादी रात्र तेथे काढावी, कारण गावाचे खरे बोलणे दिवेलागणीनंतर सुरू होते. काही देण्यापूर्वी काय हवे ते विचारावे, आणि उत्तर आपल्या योजनेत बसत नसेल तर योजना बदलावी. तेथील म्हाताऱ्या आजीला आपल्याकडून औषध जरूर मिळावे, पण तिच्याकडून एखादी कथा, एखाद्या रानभाजीची ओळख आपणही घेऊन यावी. अहवाल लिहिताना गावाची उणीव जितक्या ओळींत लिहू, तितक्याच ओळी गावाच्या सामर्थ्याला द्याव्यात.

कोणाच्या घरी पाहुणा म्हणून जाणे सोपे असते. त्या घराचा शेजारी व्हायला वेळ द्यावा लागतो, आणि शेजाऱ्यालाच घरातले खरे दुखणे सांगितले जाते. परक्या देशातून, परक्या धर्माचा प्रचार करण्याच्या परंपरेतून आलेला एक माणूस आणि त्याचा मराठी सहकारी करंजियाच्या रानात काही काळ तरी असे शेजारी होऊ शकले. ज्यांना आपण रक्ताचे बांधव म्हणतो, त्यांच्याशी हे नाते जोडण्यास आपल्याला अधिक अवघड का जावे? येत्या पावसाळ्यानंतर आपल्या शाखेचा, मंडळाचा वा कुटुंबाचा पाड्यावर जाण्याचा बेत ठरेल, तेव्हा वाटायच्या वस्तूंची यादी करण्याआधी मुक्काम किती रात्रींचा, हे ठरवावे.